रस्त्यावरील नेत्रपल्लवी

जुन्या मराठीत करपल्लवी आणि नेत्रपल्लवी असे दोन शब्द आहेत. हाताच्या बोटांच्या खुणांनी जे बोलणे होते ती करपल्लवी, आणि डोळ्यांच्या खुणांनी होते ती नेत्रपल्लवी. हे शब्द आता जुन्या ग्रंथांतच काय ते भेटतात. परंतु त्यांनी दर्शविलेला व्यवहार नाहीसा झालेला नाही. उलट पूर्वी कधी नव्हता इतका तो आज वाढला आहे, आणि त्याचे मुख्य स्थान आहे रहदारीचा रस्ता.

भारतातील कोणत्याही शहरातला असा एखादा चौक घ्या, की जेथे दिवा नाही व पोलीसही नाही. एक वृद्ध स्त्री हातात पिशवी घेऊन पदपथाच्या कडेला उभी आहे. ती उजवीकडे पाहते, एक पाऊल रस्त्यावर टाकते आणि तळवा पुढे करून हात उंचावते. येणारी रिक्षा किंचित बाजूला सरकते. मागच्या मोटारीचा वेग मंदावतो. स्कूटरवाला मात्र तिच्या पुढून निसटू पाहतो; ते ओळखून ती टाकलेले पाऊल मागे घेते व तो गेल्यावर पुन्हा टाकते. पाच-सहा सेकंदांत चार अनोळखी माणसांनी आपापला हेतू एकमेकांस कळविला, दुसऱ्याचा जाणून घेतला, आणि कोणी आधी जावे याचा निवाडाही केला. शब्द एकही उच्चारला गेला नाही.

हा निवाडा बहुतेक वेळा बिनचूक होतो, म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. परंतु तो चुकतो तेव्हा त्याची किंमत फार मोठी असते. केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दररोज सरासरी नव्वद. या सर्वांचा मृत्यू खुणांच्या गैरसमजाने झाला असे कोणी म्हणणार नाही. अतिवेग, मद्यपान, अंधार, पदपथांचा अभाव ही कारणे उघडच आहेत. तथापि रस्ता ओलांडणाऱ्याने काय पाहिले आणि त्यावरून काय समजून घेतले, हा प्रश्न त्यांतल्या अनेक प्रसंगांत शिल्लक राहतो. या पुस्तिकेत त्याचाच विचार करावयाचा आहे.

कायद्याने ठरविलेली करपल्लवी

रस्त्यावरील खुणांत सर्वांत स्पष्ट त्या हाताच्या. मोटारींना दिशादर्शक दिवे नव्हते त्या काळी चालकाचा हात हेच एक साधन होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यास या खुणांची एक स्वतंत्र अनुसूची जोडलेली होती, आणि १९८९ मध्ये झालेल्या रस्त्याच्या नियमांतही त्या जवळजवळ जशाच्या तशा ठेवण्यात आल्या.

वेग कमी करावयाचा असल्यास चालकाने उजवा हात बाहेर काढून, तळवा जमिनीकडे ठेवून, तो काही वेळा खालीवर हलवावा. थांबावयाचे असल्यास कोपरापासूनचा हात उभा धरावा. उजवीकडे वळावयाचे असल्यास हात आडवा पसरून तळवा समोरच्या दिशेस ठेवावा. डावीकडे वळण्याची खूणही उजव्याच हाताने करावयाची, कारण चालक उजव्या बाजूस बसतो; यासाठी पसरलेला हात घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवावा. आणि मागच्या वाहनाने पुढे जावे असे सुचवावयाचे असल्यास हात मागून पुढे अर्धवर्तुळाकार हलवावा.

या पाच खुणांपैकी पहिल्या तिहींत घोटाळ्याचा संभव थोडा. शेवटच्या दोहोंत मात्र हात फिरतच असतो. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात, धुरकटलेल्या काचेतून पाहणाऱ्या मागच्या चालकास हात पूर्ण वर्तुळात फिरला की अर्ध्या, हे कळणे कठीण. एकीचा अर्थ ‘मी डावीकडे वळत आहे’, दुसरीचा ‘तुम्ही पुढे जा’. मागचा चालक दोन्ही वेळा उजवीकडूनच पुढे जाणार असल्याने हा घोटाळा सहसा निभावून जातो, इतकेच.

मोटारी बंदिस्त झाल्या, तसा हात बाहेर काढणे गैरसोयीचे होऊ लागले. मग कारखानदारांनी मोटारीलाच एक हात दिला. दाराच्या खांबातून बाहेर पडणारा, आतून उजळणारा असा लहानसा दांडा अनेक ब्रिटिश गाड्यांना असे. मॉरिस मायनर या गाडीवर तो १९६१ पर्यंत होता. त्याच्या जागी उघडझाप करणारे दिवे आले. दांडा गेला, पण मानवी हाताची आठवण त्यात होती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

पादचाऱ्याने तळवा पुढे करण्याची जी खूण वर आली, तिची अनुसूची कोठेही नाही. ती कोणी शिकविली नाही. लहान मूल आईचा हात धरून रस्ता ओलांडताना ती उचलते. तिचा परिणाम होतो की नाही याची परीक्षा मात्र झालेली आहे. चीनमध्ये झ्वांग व वू या संशोधकांनी सिग्नल नसलेल्या ठिकाणी पादचाऱ्यांच्या निरनिराळ्या हस्तसंकेतांची तुलना केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार हात दाखविल्याने थांबणाऱ्या वा वेग कमी करणाऱ्या चालकांचे प्रमाण वाढते. हात दाखविणे म्हणजे केवळ विनंती नव्हे. ‘मी तुम्हांला पाहिले आहे, आणि मी आता निघालो’ अशी दोन वाक्ये त्यात असतात.

एकच दिवा, अनेक अर्थ

हाताची जागा दिव्यांनी घेतली तेव्हा भाषा सोपी होईल अशी अपेक्षा होती. काही अंशी ती झालीही. परंतु दिव्याला बोटे नाहीत, तळवा नाही. तो फक्त लागतो वा विझतो. एवढ्या तुटपुंज्या वर्णमालेत पुष्कळ काही सांगण्याचा प्रयत्न झाला की एकाच अक्षराला अनेक अर्थ चिकटतात.

मुख्य दिवा क्षणभर लकाकविणे हीच गोष्ट घ्या. भारतात समोरून येणाऱ्याने दिवा लकाकविला तर त्याचा अर्थ बहुधा ‘मी येत आहे, थांबा’ असा होतो. जर्मनीत वस्तीबाहेरच्या रस्त्यावर पुढच्या वाहनास ओलांडून जाण्यापूर्वी अशी सूचना देण्यास कायद्याने मुभा आहे. ब्रिटनमधील रस्त्याच्या नियमावलीत म्हटले आहे, की आपण येथे आहोत एवढेच कळविण्यासाठी दिवा लकाकवावा, दुसरा कोणताही संदेश त्याने देऊ नये. पण तेथील चालक सर्रास तो ‘आधी तुम्ही’ या अर्थाने वापरतात. म्हणजे ब्रिटनमधून आलेला चालक भारतात निर्धास्तपणे पुढे घुसेल, आणि भारतातून गेलेला चालक तेथे विनाकारण थांबून राहील. दुसऱ्या चुकीत वेळ जातो. पहिलीत जीव जाऊ शकतो. जपानमध्ये वाट देणाऱ्याचे आभार मानावयाचे असल्यास चारही दिवे दोन-तीन वेळा उघडझाप करून दाखवितात. हा नमस्कार मोठा गोड खरा, पण मूळ संकेत धोक्याचा आहे हे विसरून चालत नाही.

याच चार दिव्यांचा आपल्याकडे एक चमत्कारिक उपयोग रूढ झाला आहे. चौकातून सरळ जावयाचे असल्यास काही चालक चारही दिवे लावतात. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही, म्हणून दोन्हीकडचे. समोरून वा मागून पाहणाऱ्यास हा तर्क कदाचित कळेल. परंतु बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्यास गाडीची एकच कड दिसते. डावीकडून पाहणाऱ्यास डावा दिवा दिसतो, आणि ‘गाडी माझ्या बाजूस वळते आहे’ असा समज होऊन तो पुढे सरतो. सरळ जाणाऱ्या वाहनाने कोणताही दिवा लावू नये. रहदारीत मौनालाही निश्चित अर्थ असतो, आणि येथे तो अर्थ ‘सरळ’ असा आहे.

महामार्गावर मालमोटारीचा उजवा दिवा पाहून मागचा चालक असाच पेचात पडतो. ती उजवीकडे वळते आहे? समोरून वाहन येते आहे म्हणून ‘थांबा’ म्हणते आहे? की ‘उजवीकडून या’ म्हणून बोलावते आहे? हे तिन्ही अर्थ आपल्या देशात प्रचारात आहेत. कायद्याच्या दृष्टीने दिव्याचा अर्थ एकच: वाहन दिशा बदलणार. ज्या खुणेचे दोन अर्थ परस्परविरुद्ध आहेत, तिच्यावर विसंबून जाण्यापेक्षा ती दिसलीच नाही असे समजणे बरे.

हॉर्नविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. घाटातील आंधळ्या वळणावर, जेथे समोरचे काहीच दिसत नाही, तेथे त्याच्याइतके उपयोगी साधन नाही. शहरात मात्र तो इतक्या वेळा वाजतो की त्यातून काही कळेनासे होते. ज्या शब्दाचा उच्चार प्रत्येक वाक्यात होतो त्याला अर्थ उरत नाही, तशातली ही गत आहे. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ हे प्रसिद्ध वचन महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये निषिद्ध ठरविले, ते यामुळेच. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांत एक गमतीदार प्रयोग करून पाहिला, त्याची चित्रफीत जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. लाल दिव्याजवळ हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की दिव्याचे उलटे मोजणे पुन्हा आरंभापासून सुरू होई. हॉर्न वाजवून दिवा लवकर हिरवा होत नाही, हे चालकांस अशा रीतीने प्रत्यक्षच दाखवून देण्यात आले.

नजर कोठपर्यंत पोहोचते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘चालकाच्या नजरेला नजर मिळाल्याशिवाय रस्ता ओलांडू नये’ असा उपदेश मुलांना शाळेत व घरी केला जातो. तो कितपत खरा आहे?

नजरेत सामर्थ्य असते, यात शंका नाही. अमेरिकेत फीबी एल्सवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लाल दिव्याशी थांबलेल्या चालकाकडे शेजारी उभा असलेला एक मनुष्य टक लावून पाहत राही. दिवा हिरवा झाल्यावर, ज्यांच्याकडे असे रोखून पाहिले गेले ते चालक इतरांपेक्षा अधिक वेगाने चौक पार करून गेले. म्हणजे अनोळखी माणसाची रोखलेली दृष्टी मनुष्यास अस्वस्थ करते, आणि तो तेथून दूर होऊ पाहतो. परंतु या प्रयोगात गाडी उभी होती आणि पाहणारा अगदी जवळ होता, हे ध्यानात ठेवावे.

धावत्या गाडीची गोष्ट वेगळी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २०१९ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला: येणाऱ्या मोटारीतील चालक कोठे पाहत आहे हे पादचाऱ्यास किती अंतरावरून कळते? उत्तर धक्का देणारे आहे. १५ मीटर अंतरावरून शंभरांपैकी नव्वदांहून अधिक लोकांना चालकाच्या नजरेची दिशा ओळखता आली नाही. ३० मीटरांवरून तर चालक दिसलाच नाही. काचेवर आकाशाचे प्रतिबिंब पडते, आतला भाग छायेत असतो, आणि डोळा ही वस्तूच लहान. रात्री तर समोर केवळ दोन झगझगीत दिवे असतात. भारतात १९८९ च्या नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश जावा लागतो, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. त्या निर्णयामागे मुख्य विचार गुन्हेगारीचा होता. पण स्वच्छ काचेतूनही पंधरा मीटरांवरून नेत्रपल्लवी साधत नाही, असे हा प्रयोग सांगतो.

पंधरा मीटर हा आकडा मनात ठेवून थोडे गणित करू. ते शाळेतील विद्यार्थ्यांस सहज करता येण्याजोगे आहे.

चालकास धोका दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो असे धरू. त्या सेकंदात गाडी पूर्वीच्याच वेगाने धावते. नंतर ब्रेकमुळे वेग दर सेकंदास ५ मीटर प्रतिसेकंद इतका घटत जातो असे मानू. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी जोराने दाबलेल्या ब्रेकचा हा परिणाम आहे. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गास दहाने भागावे.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास १६.७ मीटर. पहिल्या सेकंदात १६.७ मीटर, नंतर सुमारे २७.८ मीटर, गाडी थांबण्यास एकूण ४४.५ मीटर लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगास हीच बेरीज २३ मीटरांच्या आसपास येते. ताशी ३० किलोमीटर वेगास पहिल्या सेकंदात ८.३ मीटर व नंतर ६.९ मीटर, एकूण १५.२ मीटर. आणि ताशी २० किलोमीटर वेगास पावणेनऊ मीटरांहूनही कमी.

या आकड्यांचा अर्थ काय? ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाची नजर दिसू लागेपर्यंत, त्याने मनात आणले तरी थांबता येईल अशी जागा केव्हाच मागे पडलेली असते. ४० च्या वेगासही तेच. नजरानजर झाली, पण ती निरुपयोगी ठरली. सुमारे ३० च्या वेगास दोन्ही अंतरे जेमतेम जुळतात, आणि २० च्या वेगास चालकाच्या डोळ्यांत पाहून, त्याचा होकार घेऊन, निश्चिंत मनाने रस्ता ओलांडता येतो. बाजारातील गल्लीत, देवळापुढच्या वाटेवर, शाळेच्या फाटकाशी नेत्रपल्लवी का चालते आणि महामार्गावर का चालत नाही, याचे उत्तर यात आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या रस्ता-सुरक्षेच्या जागतिक मंत्रिपरिषदेने, पायी चालणारे व वाहने जेथे एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठेवावी, असे जाहीर केले. त्यामागचे मुख्य कारण धडकेची तीव्रता हे होते. परंतु माणसांना एकमेकांशी बोलता येईल असा वेगही साधारण तोच आहे, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

गाडीची चाल हीच तिची भाषा

मग वेगाने येणाऱ्या गाडीपुढून माणसे दररोज सुखरूप पलीकडे जातात ती कशाच्या आधारावर? लीड्स, म्युनिक व अथेन्स या तीन शहरांतील रहदारीचे निरीक्षण करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की हाताच्या खुणा, दिव्यांचे इशारे वगैरे स्पष्ट संकेत रस्त्यावर फारच क्वचित वापरले जातात. बहुतेक निवाडे वाहनाच्या हालचालीवरूनच होतात. ते मंदावते आहे काय, किती दुरून मंदावू लागले, नाक किंचित खाली झुकले काय, कडेला सरकले काय, हे पादचारी वाचतो. पादचाऱ्याचे पाऊल, त्याच्या खांद्यांचा रोख, मानेची दिशा, हे चालक वाचतो. समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी १९७१ मध्ये, सार्वजनिक जागी माणसे आपल्या हालचाली मुद्दाम ठळक करून आपला हेतू इतरांस वाचता येईल असे करतात, याचे सूक्ष्म वर्णन केले. त्यांनी योजलेल्या शब्दास मराठीत ‘अंगभाष्य’ म्हणता येईल. ग्रंथावर जसे भाष्य, तसे आपल्या हेतूवर आपल्याच अंगाने केलेले भाष्य.

हालचाल वाचण्याची ही शक्ती डोळ्यांत कोठून येते, याचे एक सुंदर स्पष्टीकरण डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये मांडले. जवळ येणाऱ्या वस्तूची डोळ्यातील प्रतिमा मोठी होत जाते. ती दर सेकंदास स्वतःच्या कितव्या हिश्श्याने वाढते एवढे कळले, तर वस्तू आपल्यापाशी पोहोचण्यास किती वेळ आहे ते सरळ कळते. प्रतिमा सेकंदास आपल्या एक-दशांशाने वाढत असेल तर सुमारे दहा सेकंद आहेत. एक-पंचमांशाने वाढत असेल तर पाच. अंतर किती व वेग किती, हे वेगवेगळे मोजण्याची गरजच नाही. ब्रेक लागला की प्रतिमेची वाढ अपेक्षेपेक्षा मंद होते, आणि पादचाऱ्यास नेमके हेच ‘या’ असे ऐकू येते.

या यंत्रणेत दोन खोटी आहेत. एक, वस्तू लहान असली तर तिची प्रतिमाही लहान, आणि तिची वाढ सहज जाणवत नाही. मोटारसायकल व मालमोटार एकाच अंतरावर, एकाच वेगाने येत असली तरी मोटारसायकल उशिरा पोहोचेल असे माणसास वाटते. प्रयोगशाळेत ही चूक पुन्हापुन्हा दिसून आली आहे. ज्या देशात रस्त्यावर मरणाऱ्या शंभरांपैकी चव्वेचाळीसांहून अधिक माणसे दुचाकीवरची असतात, तेथे ही चूक किरकोळ म्हणता येत नाही. दुसरी खोट वयाची. साडेतीन मीटर रुंदीची एक मार्गिका ओलांडण्यास तरुणास तीन सेकंद लागतात, सेकंदास ०.९ मीटर चालणाऱ्या वृद्धास जवळजवळ चार. त्या चार सेकंदांत ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ६६ मीटरांहून अधिक अंतर कापते. वृद्ध माणसाने गाडीची चाल बरोबर वाचली, पण स्वतःचीच चाल दहा वर्षांपूर्वीची धरली, असे होऊ शकते.

चालकाच्या बाजूने पाहिले तर निष्कर्ष उघड आहे. शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक लावणारा चालकही थांबतो आणि दुरूनच हळू होणारा चालकही थांबतो. पण पहिल्याचे वाक्य पादचाऱ्यास ऐकू येते तेव्हा तो भेदरून मागे फिरलेला असतो. दुसऱ्याचे वाक्य त्यास तीस-चाळीस मीटरांवरून वाचता येते, जेथून डोळे काय, चेहराही दिसत नाही. पट्ट्यांच्या काही हात अलीकडे थांबणे हेही असेच एक स्वच्छ वाक्य आहे.

खुणा काढून टाकलेला चौक

नेदरलँड्समधील रहदारी अभियंता हान्स मॉन्डरमन (१९४५-२००८) यांनी या सर्व विचाराला एक धाडसी वळण दिले. ड्राख्टेन या गावातील एका वर्दळीच्या चौकातून त्यांनी दिवे व बहुतेक फलक काढून टाकविले, पदपथ व रस्ता यांतील भेद पुसट केला, आणि पायी चालणारे, सायकलस्वार व मोटारी यांस आपसांत निवाडा करण्यास मोकळे सोडले. पाहुणे आले की मॉन्डरमन त्यांस चौकात नेत आणि वाहनांकडे पाठ करून, उलट्या पावलांनी, रस्त्यावर चालू लागत. गाड्या त्यांस वळसा घालून जात. या चौकाची कथा सांगताना ‘माणसे येथे एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात’ असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. परंतु पाठमोऱ्या माणसाने कोणाच्या डोळ्यांत पाहिले? त्यांस वाचविले ते गाड्यांच्या मंद वेगाने. चौकाची रचनाच अशी होती की तेथे वेगाने शिरण्याचे धाडस कोणी करू नये.

या कल्पनेवर खरा आक्षेप घेतला तो अंध व्यक्तींनी. नजरेच्या भाषेत चालणारा व्यवहार ज्यास डोळे नाहीत त्याने कसा करावा? पदपथाची कड काठीला लागत नसेल तर रस्ता कोठे सुरू झाला हेच त्यास कळत नाही. ब्रिटिश सरकारने जुलै २०१८ मध्ये स्थानिक संस्थांस, पदपथ व रस्ता एका पातळीत आणणाऱ्या अशा नव्या योजना तूर्त थांबवाव्यात, अशी सूचना दिली. पांढरी काठी ही अंध व्यक्तीची खूण खरी, पण ती एकतर्फी आहे. ‘मला दिसत नाही’ एवढे ती चालकास सांगते. चालकाचे उत्तर काठीवाटे परत येत नाही. ते येते ते आवाजातून: इंजिनाची घरघर कमी झाली, चाके थांबली, एवढ्यावरून.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी हे उत्तरही हिरावून घेतले. मंद वेगात त्या जवळजवळ निःशब्द असतात. म्हणून २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका नियमाने अशा गाड्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज काढावा असे ठरविले, आणि जुलै २०२१ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या विद्युत मोटारीस तो सक्तीचा झाला. आवाजाचा स्वर वेगाबरोबर चढला-उतरला पाहिजे, अशी त्यात अट आहे. गाडी मंदावली हे कानासही कळावे, हा हेतू.

चालकच नसेल तर?

आपणहून चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या, तेव्हा अभियंत्यांपुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. गाडीत डोळे नाहीत, हात नाही. पादचाऱ्यास ‘या’ कोणी म्हणावे? मर्सिडीज-बेंझ कंपनीने २०१५ मध्ये दाखविलेल्या एका प्रायोगिक गाडीने प्रकाशझोताने रस्त्यावरच पादचाऱ्यापुढे पट्टे उमटविले. काहींनी गाडीच्या कपाळावर दिव्यांची पट्टी लावली, काहींनी अक्षरे उमटविली.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मात्र संशोधकांनी आधी एक वेगळीच परीक्षा घेतली. तिचा वृत्तांत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मोटारीच्या आसनासारखा दिसणारा पोशाख शिवून चालकास त्यात बसविले. बाहेरून पाहणाऱ्यास आसन रिकामे दिसे आणि गाडी आपोआप चालते आहे असे वाटे. ही गाडी पादचारी रस्ता ओलांडीत असतील अशा ठिकाणी नेण्यात आली. लोक गोंधळून थांबतील, खूण शोधतील, अशी शंका होती. बहुतेकांनी गाडी मंदावताना पाहिली, ती थांबली हे पाहिले, आणि नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडला. कित्येकांनी चालक नाही हे पाहून आश्चर्य व्यक्त केले, पण पावले अडली नाहीत. अडली ती गाडीची चाल अपेक्षेबाहेर गेली तेव्हाच.